उपराष्ट्रपतीची रिकामी खुर्ची आणि चाळीस सह्या

21 जुलै 2025 च्या रात्री उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. त्यांची मुदत ऑगस्ट 2027 पर्यंत होती. दिवसभर राज्यसभा चालविणारा माणूस रात्री आजारी कसा पडला, हे देशाला कुणी नीट सांगितले नाही. तो विषय वेगळा. खुर्ची रिकामी झाली की ती भरते कशी आणि त्यात आपल्या माणसाला जागा किती, हे मात्र चळवळीने समजून घेतले पाहिजे.

राष्ट्रपतीची जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्या, असे संविधान बजावते. उपराष्ट्रपतीसाठी अनुच्छेद 68 फक्त "शक्य तितक्या लवकर" म्हणतो. मधल्या काळात राज्यसभेचे काम उपसभापती पाहतात. निवडून येणाऱ्याला उरलेली मुदत नव्हे, पूर्ण पाच वर्षे मिळतात. अमेरिकेत 1973 साली ॲग्न्यू गेले तेव्हा निक्सन यांनी फोर्ड यांचे नाव सुचविले, संसदेने मान्यता दिली, आणि पुढच्याच वर्षी तेच फोर्ड जनतेच्या मताशिवाय राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याकडे अशी नेमणूक चालत नाही. दोन्ही सभागृहांचे सर्व खासदार गुप्त मतदान करतात. 9 सप्टेंबर 2025 रोजी तसेच झाले. महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांना 452 आणि न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांना 300 मते पडली. 15 मते बाद झाली. कायदे करणाऱ्यांना मतपत्रिका भरता येत नाही, याला काय म्हणावे!

संविधानात उमेदवाराला अटी थोड्याच. भारताचा नागरिक, वय 35 पूर्ण, राज्यसभेवर जाण्याची पात्रता आणि लाभाचे पद नसणे. खरे कुलूप आहे ते संसदेने नंतर केलेल्या कायद्यात. 1974 च्या कायद्याने पाच सूचक आणि पाच अनुमोदक मागितले होते. 1997 साली ते वीस आणि वीस झाले, अनामत 15,000 रुपये झाली. हौशी उमेदवार थोपविण्यासाठी, असे कारण सांगितले गेले. 1992 साली के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध काका जोगिंदर सिंग उभे होते, त्यांना एकच मत पडले. नारायणन यांना 700. त्या एका मताने लोकशाहीचे कोणते नुकसान झाले?

चाळीस खासदारांच्या सह्या म्हणजे मोठ्या पक्षाची परवानगी. 1998 साली महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. जुन्या कायद्यात त्यांना आणखी सहा सह्या पुरल्या असत्या, पण आदल्याच वर्षी दार बंद झाले होते. मग आपला माणूस दिसतो तो दुसऱ्याच्या यादीत. 2002 साली काँग्रेसने सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांना उभे केले, तेव्हा आकडे आधीच विरोधात होते. भैरोसिंह शेखावत 454, शिंदे 305. जिंकण्याच्या वेळी इतरांची नावे आणि हरण्याच्या वेळी आमची, हा हिशेब आम्हाला कळत नाही असे कुणी समजू नये.

ही अट बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही, साध्या बहुमताचे विधेयक पुरते. 2024 साली नगीनामधून चंद्रशेखर आझाद आणि तमिळनाडूतून थोल तिरुमावळवन लोकसभेत गेले. खासगी विधेयक मांडायला एक खासदारही पुरे, त्याला चाळीस सह्या लागत नाहीत. राधाकृष्णन यांची मुदत सप्टेंबर 2030 पर्यंत आहे. तोवर हे विधेयक सभागृहात यावे, ही मागणी प्रत्येक आंबेडकरी संघटनेने आपल्या खासदाराकडे लेखी करावी.