नाडीचे स्पंदन आणि ताणसंवेदक

अष्टविध परीक्षेत नाडीला अग्रस्थान आहे. शार्ङ्गधर संहितेत वातनाडीची गती जळू व सर्पासारखी, पित्तनाडीची कावळा व बेडकासारखी, तर कफनाडीची हंस व पारव्यासारखी सांगितली आहे. परंतु एकाच रुग्णाची नाडी दोन वैद्यांनी पाहिली, तर दोघांचे वर्णन जुळतेच असे नाही. बोटांना जे जाणवले ते जपून ठेवता येत नाही, ही आपल्या शास्त्राची जुनी उणीव होय.

ती दूर करण्याच्या दृष्टीने अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथील परिषदेत 'नाडी तरंगिणी' या उपकरणाविषयी निबंध मांडला. त्यात मनगटावरील तीन स्थानांसाठी तीन दाबसंवेदक योजले होते. याच वाटेवरचे पुढचे साधन म्हणजे त्वचेवर चिकटणारा मऊ ताणसंवेदक.

त्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. वाहक ताणला की लांबतो, बारीक होतो आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. विल्यम थॉमसन यांनी १८५६ मध्ये हे धातूच्या तारांवर दाखविले. सामान्य धातूची पट्टी एक टक्का ताणली, तर रोध सुमारे दोन टक्के वाढतो. परंतु धातू त्वचेइतका ताण सोसत नाही. म्हणून सिलिकोन रबराच्या पातळ पापुद्र्यावर कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांचा थर देतात. रबर ताणले की नलिकांचे परस्पर स्पर्श सुटतात व रोध वाढतो.

हा थर फवाऱ्याने देतात. आमच्या हिवरखेड परिसरात कपाशीवर फवारणी करणाऱ्यास ठाऊक असते, की एकाच जागी फार फवारले तर द्रव ओघळतो. येथेही तसेच आहे. रबर तापवून त्यावर हलका हात फिरवावा, द्रव उडून जाऊ द्यावा, मग पुढचा हात द्यावा. भस्माला भावना देताना आपण प्रत्येक वेळी सुकू देतो, तोच हा न्याय. प्रत्येक हातानंतर रोध मोजून योग्य मापावर थांबतात. नलिकांचा फवारा श्वासात जाऊ नये म्हणून हे काम धूर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात करतात.

नंतर लेसरचा किरण नको असलेला थर जाळून नागमोडी रेघ शिल्लक ठेवतो. त्यामुळे थोड्या जागेत लांब वाट बसते. साचा लागत नाही. संगणकावरील आकृती बदलली की रेघ बदलते. शक्ती कमी पडल्यास वाहक अवशेष राहून रेघा एकमेकींना जोडल्या जातात. अधिक झाल्यास रबरच जळते. शेवटी तारा जोडून वर रबराचे आवरण घालतात.

आता मुख्य मुद्दा. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घाम व उष्णता यांनीही रोध बदलतो. ताण सुटल्यावर रोध पूर्ववत होण्यास विलंब लागतो. पट्टी घट्ट वा सैल बसल्यास रेषा निराळी येते. शिवाय हे साधन स्पंदनाची हालचाल नोंदते, दोष ओळखत नाही. त्या रेषेला वात, पित्त वा कफ म्हणणे हा वैद्याचा निर्णय असून तोही तपासला गेला पाहिजे. आमच्या मते याचा खरा उपयोग येथेच आहे. एकच नोंद अनेक वैद्यांनी, परस्परांचे मत न जाणता वाचावी. मते जुळली तर आपला आधार बळकट होईल. न जुळली, तर ते मान्य करण्याचे धैर्य आपल्यात असावे.