बुटातून जमिनीत

तेलंगणातल्या बेज्जूरच्या पूर्वेला प्राणहिता वाहते. नदी ओलांडली की महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. या पट्ट्याच्या पोटात कोळसा आहे: अलीकडे सिंगरेणी कंपनीच्या खाणी, वर्धा नदीपलीकडे चंद्रपूर-बल्लारपूरच्या बाजूला वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीच्या. उघड्या खाणीत कोळशावरचा खडक सुरुंग लावून फोडावा लागतो, आणि सुरुंगाची स्फोटकं बनवणारे अनेक कारखाने नागपूरच्या आसपास आहेत. भद्रावतीला सरकारी दारूगोळा कारखाना आहे. देशभरातल्या स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही नागपुरातच. अशा कारखान्यांत आठ-आठ तास उभं राहणाऱ्या माणसाच्या पायात कोणते बूट आहेत, हा तिथे जिवाचा प्रश्न असतो.

कारण चालता-चालता माणसाच्या अंगावर वीज साठते. तळवा जमिनीवरून उचलला, नायलॉनचा कपडा अंगावर घासला, प्लॅस्टिकचं वेष्टन सोललं की थोडी थोडी भर पडते. हवेत ओल असेल तर ती आपोआप निचरून जाते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र तशी सोय नसते. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका आपल्याला जाणवतही नाही. १०,००० व्होल्ट चढलेल्या माणसाच्या बोटातून उडणारी ठिणगी काही मिलीज्यूलची असते, आणि पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलीज्यूलही पुरते. डिटोनेटरमध्ये वापरतात त्या लेड अझाइडसारख्या प्राथमिक स्फोटकांना तर याहून कितीतरी कमी ऊर्जा लागते.

म्हणून ही वीज सतत, सावकाश जमिनीत उतरत राहिली पाहिजे. बुटाचं काम हेच.

साध्या रबराचा तळवा वीज अडवतो. त्यात कार्बनसारखं द्रव्य मिसळून तिला वाट करून दिली जाते, पण ती वाट किती मोकळी ठेवायची हे बेतानं ठरवावं लागतं. अशा ‘अँटिस्टॅटिक’ बुटाचा विद्युतरोध प्रमाणकानुसार १ लाख ते १०० कोटी ओमच्या दरम्यान असावा लागतो. वरची मर्यादा वीज साठू नये म्हणून. खालची मर्यादा आहे ती एखादं यंत्र बिघडून २५० व्होल्टपर्यंतचा प्रवाह अंगात शिरू पाहिला, तर थोडं तरी संरक्षण राहावं म्हणून. १ लाख ओमपेक्षाही कमी रोधाचे बूट ‘कंडक्टिव्ह’ म्हणवतात. ठिणगीला अतिशय संवेदनशील असलेल्या स्फोटकांजवळ ते वापरतात. उघड्या विजेच्या तारांजवळ मात्र त्यांना थारा नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात कसोटी आणखी वेगळी असते, कारण काही सुटे भाग १०० व्होल्टच्या आतच निकामी होतात. तिथे बूट आणि फरशी मिळून तपासतात आणि चालताना अंगावर १०० व्होल्टही चढू देत नाहीत.

खरेदीतली सर्वांत घातक गल्लत इलेक्ट्रिशियनच्या बुटांवरून होते. ते वीज अंगातून वाहू नये म्हणूनच बनवलेले असतात. ‘विजेपासून सुरक्षित’ एवढंच वाचून तेच बूट स्फोटकांच्या किंवा सॉल्व्हंटच्या खोलीत दिले, तर साठलेली वीज कामगाराच्या अंगावरच अडकून राहते. पुढची पोलादी टोपी, काळा तळवा किंवा दुकानदाराचा शब्द यांवरून काहीच कळत नाही. भारतीय प्रमाणक आय.एस. १५२९८ आणि बुटावरची ‘ए’ किंवा ‘सी’ ही खूण पाहावी.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट मापाची. या कारखान्यांत महिला कामगार मोठ्या संख्येनं असतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळच्या बाजारगावातल्या स्फोटात नऊ कामगार दगावले, त्यांत सहा महिला होत्या. तो अपघात बुटांमुळे झाला असं सुचवण्याचा इथे हेतू नाही. अशा खोल्यांत कोण काम करतं, ते मात्र त्यातून दिसतं. पुरुषांच्या मापाचा सैल बूट बाईच्या पायात आला की ती त्यात फोमचं किंवा रेक्झिनचं जादा सोल घालते. पाय आणि बूट यांच्यामध्ये हा विजेला अडवणारा थर आला, की महागड्या बुटाचा सगळा गुण वाया जातो. यात दोष त्या बाईचा नाही. मापाचे बूट देण्याची जबाबदारी मालकाची आणि ठेकेदाराची. जादा सोल लागलंच, तर त्या जोडीनिशी बुटाची पुन्हा चाचणी व्हायला हवी.

बूट चांगला असला, पण फरशी विजेला अडवणारी असली, तरी उपयोग शून्य. तळव्यावर मेण, रंग किंवा वंगण चिकटलं की रोध वाढतो; बूट भिजला की तो घटतो. वाकून-वाकून जुन्या झालेल्या तळव्याचा रोधही बदलतो. म्हणून खरेदीच्या वेळचं प्रमाणपत्र वर्षभर पुरत नाही. चाचणीचं यंत्र साधं असतं: धातूच्या पट्टीवर पाय ठेवायचा, बटण दाबायचं, दिवा हिरवा की लाल ते पाहायचं. प्रत्येक पाय वेगळा तपासायचा. हे यंत्र सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत ठेवून भागत नाही. ते धोक्याच्या खोलीच्या दारातच हवं. शेजारी वेगवेगळ्या मापांचे तपासलेले जादा जोड ठेवावेत. लाल दिवा लागलेल्या कामगाराला त्यातला जोड लगेच द्यावा, आणि त्यात गेलेल्या वेळाची मजुरी कापू नये. कापली, तर दुसऱ्या दिवशी कोणीही त्या पट्टीवर पाय ठेवणार नाही.