तळेगावचं बिनखुर्चीचं मंडळ

साहित्यिकांचं मंडळ म्हटलं की मराठी वाचकाला आठवतं रविकिरण मंडळ. १९२३ साली पुण्यात जमलेले माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे कवी, रविवारचा चहा, काव्यवाचन आणि मंडळाच्या नावाने काढलेले संग्रह. त्या मापाने तळेगाव दाभाडे इथे गो. नी. दांडेकरांभोवती, म्हणजे वाचकांच्या गोनीदांभोवती, जवळच्यांच्या आप्पांभोवती जमलेला मेळा मंडळ ठरतच नाही. त्याला अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती, वाङ्मयीन भूमिका तर नव्हतीच. लागत होती ती पायांत ताकद. तरीही सह्याद्रीकडे पाहण्याची मराठी नजर या भटक्यांनी जेवढी बदलली, तेवढी एखाद्या वाङ्मयीन चळवळीनेही बदललेली नाही, असं माझं मत आहे.

आप्पांच्या आधी आपल्या साहित्यात गड होते, पण बहुतेक लढायांपुरते. हरिभाऊ आपट्यांचा सिंहगड तानाजीसाठी उभा राहतो. लढाई संपली की तिथे कोण राहतं, चूल कशी पेटते, हे कोणी विचारत नव्हतं. शाळा अर्धवट सोडून स्वातंत्र्यलढ्यात पडलेला, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिलेला, नर्मदा परिक्रमा पायी केलेला हा माणूस तळेगावात स्थिरावला आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची त्याच्या टप्प्यात आले. १९५५ च्या ‘पवनाकाठचा धोंडी’चा नायक राजा नाही, सरदार नाही; तुंगच्या हवालदारीचा वारसा मिरवणारा गावकरी आहे, आणि तो मावळच्या बोलीत बोलतो. ‘माचीवरला बुधा’मध्ये तर मुंबईत आयुष्य काढलेला म्हातारा राजमाचीवर परततो, आणि झाडं, जनावरं, पाऊस यांच्यासोबत राहू लागतो. एवढंच कथानक! श्रीवर्धन आणि मनरंजन या बालेकिल्ल्यांपेक्षा त्यांच्यामधली माची मोठी ठरते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हा एका लेखकाचा गोतावळा, त्याला मंडळ का म्हणायचं? कारण काम एकाच्या हातात राहिलं नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’वर निघालेल्या चित्रपटाला १९६६ चा मराठीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ठाकर आदिवासींच्या जगण्यावरची त्यांची कादंबरी ‘जैत रे जैत’ १९७७ मध्ये पडद्यावर आली, तेव्हा निर्मिती उषा मंगेशकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, शब्द ना. धों. महानोरांचे आणि संगीत हृदयनाथांचं होतं. आप्पांची मुलगी वीणा आणि जावई विजय देव यांनी घरच्यांना घेऊन आप्पांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं अनेक दशकं केली; नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, नुसता आवाज. पुढे गोनीदांच्या नावाने जमलेल्या दुर्गप्रेमींनी दुर्ग साहित्य संमेलन सुरू केलं, आणि पहिलं भरवलं ते राजमाचीवर.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. हे सगळं स्मरणरंजन नाही का? डोंगरातलं दारिद्र्य, रस्ता नसणं, दवाखाना नसणं या लेखनात गोड होऊन येतं. आक्षेपात तथ्य आहे. बुधाच्या एकांताला लेखकाने जरा जास्तच चंदन लावलं आहे. पण या लेखनाचा दुसरा उपयोग लेखकालाही ठाऊक नसावा. पुढे पवनेवर धरण झालं आणि खोऱ्यातली शेतं, घरं पाण्याखाली गेली. धोंडीचं पवन मावळ हे धरणाआधीचं आहे. विस्थापितांची नोंद सरकारी कागदांत सापडेल, पण त्या काठावर माणसं कशी बोलत, कशावरून भांडत आणि कशाची अब्रू मानत, हे कळायला ही कादंबरी लागते. स्मरणरंजन म्हणून ती बाजूला सारणाऱ्याने आधी हे दुसरीकडे कुठे मिळतं ते दाखवावं.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळा आणि लोहगडावर लोटणारी गर्दी हा या मंडळाचाच वारसा, असं कोणी म्हणेल. ते मला पटत नाही. ती गर्दी रुंद रस्त्यांनी आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने आणली.

२०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे बारा किल्ले निवडले. मावळातला लोहगड त्यांत आहे, तुंग आणि राजमाची नाहीत. या दोघांकडे जायचं असेल, तर आधी ‘धोंडी’ आणि ‘बुधा’ वाचा आणि मगच निघा.