बार्शी लाईटचे इंजिन: दिसायला की धावायला?

मॉडेल रेल्वेचा छंद लागला की इंजिन घेताना एक पेच हटकून पडतो. एक इंजिन हुबेहूब असते. कॅबच्या खिडक्या, बॉयलरवरचे रिव्हेट, चढायच्या पायऱ्या सगळे जागच्या जागी, पण ते सांध्यावर अडखळते आणि वळणावर रूळ सोडते. दुसरे तपशिलात कच्चे असते, पण दिवसभर फिरवा, कुरकुर नाही. पैसे कुठे घालायचे? धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. जगभरचे नॅरोगेजप्रेमी जिचे नाव घेतात ती बार्शी लाईट रेल्वे याच जिल्ह्यातून धावत होती.

कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे ही लाईन बालाघाट चढून येडशी, कळंब रोड करत १९११ मध्ये लातूरला पोहोचली. दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून ती १९२७ मध्ये मिरजेला गेली. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ती उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे याच माणसाने विमानातून उडी मारायचे पॅराशूट तयार केले, यावरून त्याच्या डोक्याची जात कळते.

कॅलथ्रॉपपुढचा प्रश्न असा होता की यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके, स्वस्त रूळ टाकायचे आणि त्यांवरून धान्य, कापूस आणि पंढरीचे वारकरी असा भरघोस भार न्यायचा. त्याने एक नियम केला. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग जड इंजिनाचे वजन अनेक चाकांवर पसरणे आले. लीड्सच्या किटसन कंपनीने त्यासाठी ०-८-४ रचनेची टाकीवाली इंजिने बांधली. पुढे लहान चाके नाहीत, मध्ये एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाके, मागे भार पेलणारी चार. इकडे पाठवण्याआधी या गाड्या लीड्सजवळच्या न्यूले इथे खास टाकलेल्या रुळांवर चालवून इंजिनिअर मंडळींना दाखवल्या होत्या.

म्हणजे या इंजिनाचे रूप त्याच्या कामातून आलेले आहे. म्हणून मॉडेलमध्ये मी पहिली नजर टाकतो ती चाकांवर. रिव्हेट दहा कमी भरले तर कोणाला कळत नाही. आठ चाकांच्या जागी सहा दिसली तर मात्र ते बार्शी लाईटचे इंजिन उरतच नाही. अचूकतेत वरचा आणि खालचा क्रम लावायचा असेल तर तो असा लावावा: ठेवण आधी, मग प्रमाण आणि उंची, आणि सजावट सगळ्यांत शेवटी.

आता रुळांकडे वळू. सगळ्यांत जास्त चालणारे माप म्हणजे एचओ, मूळ वस्तूच्या १:८७. या मापाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजवरून ठरले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागले की १९.२६ येतात. म्हणजे २००७-०८ मध्ये धाराशिव शहराला जोडणारी ब्रॉडगेज झाली, त्या मार्गावरचे डिझेल इंजिन तयार रुळांवर ठेवले की ते पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभे राहते. समोरून पाहिले की ही उणीव डोळ्यात भरते. नॅरोगेजचे गणित याच्या उलट येते. ७६२ ला ८७ ने भागले की ८.७६ मिलिमीटर, आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा. फक्त ‘एन’ गेजचे रूळ न घेता ‘एचओई’ नावाने मिळणारे घ्यावेत, कारण एन गेजचे स्लीपर फार बारीक आणि जवळजवळ असतात.

वळणांतही नॅरोगेजचीच सरशी आहे. भारतीय रेल्वेच्या नियमात ब्रॉडगेजचे सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे, तर नॅरोगेजचे ४४ मीटरचे. १:८७ मध्ये ब्रॉडगेजच्या वळणाला दोन मीटर त्रिज्या लागते, म्हणजे अर्धा फेरा घ्यायला चार मीटर रुंद खोली. नॅरोगेजचे वळण अर्ध्या मीटरच्या त्रिज्येत बसते. ज्याला घरातल्या एका टेबलावर आपल्या जिल्ह्याची गाडी खरी दाखवायची आहे, त्याने ब्रॉडगेजच्या मोहात न पडता बार्शी लाईटच उभारावी असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण येते ती वजनाची. लांबी ८७ पट कमी केली की वजन ८७ चा घन, म्हणजे ६,५८,५०३ पटींनी उतरते. सहा आस आणि आसामागे ५ टन धरले तर मूळ इंजिन फार तर ३० टनांचे. त्याचे तंतोतंत छोटे रूप ४६ ग्रॅम भरेल, कोंबडीच्या अंड्यापेक्षाही हलके! त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे तीसेक ग्रॅम वजन जोडचाकांवर येणार. चाकाची ओढण्याची ताकद त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण पावपट, म्हणजे हे इंजिन सात-आठ ग्रॅमच्या जोराने ओढणार. वजनात अचूक राहिले की गाडी चढावर हलतच नाही. म्हणून टाक्यांत, बॉयलरमध्ये, कॅबच्या छताखाली शिसे भरावे लागते, आणि तेही जोडचाकांच्या वर. मागच्या चार चाकांच्या बोगीवर वजन गेले तर ते वाया जाते. तपासायला इंजिन पेन्सिलीवर आडवे तोलून बघावे; तोल मागच्या बोगीकडे गेला तर शिसे पुढे सरकवावे. मोठ्या इंजिनांनाही यातून सुटका नाही. ११२.८ टनांचे डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन या हिशेबाने १७१ ग्रॅम भरायला हवे, बाजारातली त्या आकाराची बहुतेक एचओ इंजिने मात्र त्याच्या दुपटीहून जड असतात, आणि तसे असणेच बरोबर आहे.

वीज हा दुसरा कळीचा मुद्दा. इंजिन रुळांवरून चाकांमार्फत वीज घेते. बऱ्याच सांध्यांच्या क्रॉसिंगमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा असतो, तिथे वीज नसते. मोजक्याच चाकांनी वीज घेणारे छोटे इंजिन तिथे मरते. आठही चाके वीज घेणारी असली तर एखादे तरी वीज असलेल्या रुळावर राहते आणि गाडी निघून जाते. इथे मूळ रचना आणि चांगली चाल एकाच बाजूला आहेत. पकड वाढवायला काही कंपन्या चाकावर रबराची रिंग चढवतात. ती ओढ वाढवते, पण त्या चाकातून वीज येत नाही, हे घेताना विचारून घ्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ दाराखिडक्यांतून घरात येते. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले नाहीत तर सर्वांत महागडे इंजिनही धक्के खात चालते.

आणि चाल म्हणजे तरी काय? रुळांशेजारी मीटरपट्टी ठेवा आणि घड्याळ हातात घ्या. मूळ गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर १:८७ मध्ये ती एक मीटर साधारण साडेदहा सेकंदांत कापेल. दुकानात पुष्कळ इंजिने तेवढेच अंतर तीन सेकंदांत संपवतात, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या वर! बार्शी लाईट कधीच अशी धावली नाही. ज्या इंजिनाला साडेदहा सेकंदांत मीटर कापता येत नाही, थांबलेले असताना अलगद सुटता येत नाही, त्याचे सगळे रिव्हेट बरोबर असले तरी ते खोटे आहे. चालीला मी अचूकतेतच धरतो, तिच्या विरुद्ध पारड्यात घालत नाही. ही चाल मोटरवर, गिअरच्या गुणोत्तरावर आणि मोटरच्या आसावर बसवलेल्या फ्लायव्हीलवर अवलंबून असते.

बार्शी लाईटचे इंजिन तयार मिळण्याची वाट पाहत बसू नये. नॅरोगेजवाले जगभर एक मार्ग वापरतात. जपानच्या काटो कंपनीची एन गेजची मऊ चालणारी चेसिस घ्यायची आणि तिच्यावर पत्र्याची, पितळेची किंवा थ्रीडी छपाईची बॉडी बसवायची. म्हणजे चाल विकत आणि रूप हाताने. तयार चेसिसमध्ये आठ जोडचाके मापात बसलेली मिळणे अवघड असते, तिथे तडजोड करावी लागते. ती मला सलते. ज्याचे हात लेथवर बसलेले आहेत त्याने चौकट स्वतः कापावी. नजर कमी झालेल्यांना किंवा हाताला थोडा कंप असलेल्यांना १:४८ चे मोठे माप सोयीचे पडते. त्यात ७६२ चे १५.९ मिलिमीटर होतात, आणि एचओचे १६.५ चे रूळ जवळजवळ बसतात. बाकमनने या मापाची ‘ऑन३०’ मालिकाच काढली.

तयार काम डोळ्यांनी पाहायचे असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे गाड्यांची रंगसंगती तर पाहावीच, पण गाडी सुटताना आणि थांबताना काय होते तेही पाहावे.

मग येडशीच्या चढाची परीक्षा घ्यायची. एक मीटरची फळी एका टोकाला २ सेंटिमीटर उचलली की ५० ला १ असा चढ तयार होतो. मूळ घाट नेमका एवढाच चढाचा होता असे नाही, पण इंजिनाचा दम कळायला हा चढ पुरेसा आहे. मागे आठ डबे लावा, चढाच्या मध्यावर गाडी थांबवा आणि तिथूनच पुन्हा सुरू करा. चाके जागीच फिरली तर शिसे कमी पडते आहे. धक्का देऊन सुटली तर गिअर किंवा चाकांवरून वीज घेणाऱ्या पत्त्या तपासा. आणि दुकानदार असे करू देत नसेल तर दुसरे दुकान गाठा.