जुन्या वस्तूंचं मोल – ७ : शिक्का मारलेले जर्मन गांधी

गांधीजींच्या जन्मशताब्दीला, म्हणजे १९६९ साली, देशोदेशीच्या टपाल खात्यांनी त्यांची तिकिटं काढली. पश्चिम जर्मनीने २ ऑक्टोबरला काढलं ते २० फेनिगचं. आपल्या ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या ट्रंकेत हे तिकीट निघालं, तर घरातले लगेच हिशेब मांडतात: गांधीजींचं आहे, फॉरेनचं आहे, पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे लाखाचं असणार.

हा समज अगदीच हवेतला नाही. भारताने १५ ऑगस्ट १९४८ ला काढलेल्या गांधी तिकिटांपैकी दहा रुपयांच्या फक्त शंभर प्रतींवर ‘सर्व्हिस’ असं छापलं होतं. त्यांतल्या एकमेकांना जोडलेल्या चार तिकिटांना २०१७ साली लंडनमध्ये पाच लाख पौंड मिळाले. पण ते तिकीट वेगळं, हे वेगळं. पश्चिम जर्मनीची त्या काळातली स्मारक तिकिटं कोटींच्या संख्येने छापली जात. शिक्का बसलेली तर तिकडे पाकिटाच्या तुकड्यांसकट किलोवर विकली जातात. आपल्या सुट्या गांधी तिकिटाचे हाती काही रुपयेच यायचे.

तरीही पारख करायचीच, कारण काही रुपये आणि काही हजार यांतला फरक नेमका बारकाव्यात असतो. आधी तिकिटावरचं नाव वाचा. त्या काळात जर्मन टपाल तीन होती: पश्चिमेचं ‘डॉइचे बुंडेसपोस्ट’, त्यालाच ‘बर्लिन’ जोडलेलं पश्चिम बर्लिनचं, आणि ‘डीडीआर’ लिहिलेलं पूर्वेचं. पूर्वेची तिकिटं जरा जपून घ्यावीत. ती पुष्कळदा कारखान्यातल्या मालासारखी शिक्के मारूनच संग्राहकांना विकली जात. अशा तिकिटाच्या मागे डिंक शाबूत असतो आणि पुढे कोपऱ्यात नीटस शिक्का. पत्राचा प्रवास त्याने कधी केलेलाच नसतो.

मग शिक्का. जर्मन संग्राहक याबाबत फार काटेकोर. गोल शिक्का मधोमध, शहर आणि तारीख स्पष्ट वाचता येतील असा हवा. यंत्राच्या नागमोडी रेघांनी गांधीजींचा चेहरा झाकला असेल तर भाव पडतो. तारीख २ ऑक्टोबर १९६९ च्या आधीची दिसली तर काहीतरी गडबड आहे. मिशेल या जर्मन कॅटलॉगमध्ये वापरलेल्या तिकिटाची किंमत मध्ये टिंब असलेल्या वर्तुळाखाली दिलेली असते. ती चांगल्या प्रतीची, आणि तीही दुकानदाराची. विकणाऱ्याला तेवढी मिळत नाही.

आपल्याकडे खरं नुकसान करतं ते हवामान. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, आणि धान रोवणीच्या दिवसांत भिंतींनाही ओल. कागद आधी ठिसूळ होतो, मग त्यावर तांबूस डाग पडतात. उरलंसुरलं कसर आणि उधई बघतात. भिंगातून कडेचे दाते मोजा. एक जरी तुटलेला असला तर स्वस्त तिकिटाचं काहीच उरत नाही.

वापरलेल्या तिकिटाला मोठी किंमत आल्याचं उदाहरणही जर्मनीतच सापडतं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी पश्चिम जर्मनीने ६० अधिक ३० फेनिगचं तिकीट छापलं. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांमुळे स्पर्धेवर बहिष्कार पडला आणि तिकीट रद्द झालं. पण काही नमुने टपालमंत्री कुर्ट ग्शाइडले यांच्या घरी पडून होते. पुढे त्यांच्या पत्नीने साधी तिकिटं समजून ती पत्रांना लावली! टपालातून गेलेल्या त्या प्रतींना आज हजारो युरो मोजले जातात. अर्थात खऱ्या शिक्क्याबद्दल मान्यताप्राप्त परीक्षकाचा दाखला जोडलेला असेल तरच.

आता सगळ्यात कळीचं. तिकीट पाकिटावर असेल तर कृपया ते पाण्यात घालून सोडवू नका. पाकीट उलटून बघा. मागे पोचल्याचा ‘ब्रह्मपुरी’ शिक्का असेल तर विदर्भाच्या टपाल इतिहासाचे अभ्यासक समोरच्या तिकिटापेक्षा त्यालाच जास्त विचारतील. पत्ताही तपासा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा १९६९ च्या पत्त्यात तो नसणार. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या पाकिटावर गडचिरोलीचा जिल्हाही चांदा किंवा चंद्रपूरच असायला हवा. पत्त्यात पिनकोड आणि शिक्क्यात १९६९, असं पाकीट समोर आलं तर पैसे काढायची घाई नको.

पुढच्या आठवड्यात : तांब्याचा पैसा आणि चिंचेने घासायची हौस