आडनाव नेमके कुठे सुरू होते?

२०१४च्या लोकसभा निवडणुकीत रायगड मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा आणखी एक अपक्ष उमेदवार उभा होता आणि त्याला साडेनऊ हजारांहून अधिक मते पडली. नावापुरते पाहिले तर दोघांना वेगळे करणारा शब्द एकच होता, वडिलांच्या नावाचा. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही बरीच वर्षे दोन जयंत पाटील होते. राष्ट्रवादीचे जयंत राजाराम पाटील आणि शेतकरी कामगार पक्षाचे जयंत प्रभाकर पाटील. बातमीत मधले नाव गाळले की वाचकाला पक्षाचे नाव शोधावे लागे.

माणूस संदर्भावरून असा घोळ निस्तरतो. संगणकासमोर मात्र नुसती अक्षरे असतात. बँक, प्राप्तिकर खाते, भविष्य निर्वाह निधी, विमा, शाळा, तलाठी कार्यालय, सगळ्यांच्या याद्या आता एकमेकींशी पडताळल्या जातात आणि ‘ही बाई तीच का’ हा प्रश्न दर वेळी नावाशी येऊन थांबतो. दोन याद्यांतली नावे जुळवायची तर आधी प्रत्येक नाव त्याच्या भागांत तोडावे लागते. स्वतःचे नाव कोणते, वडिलांचे किंवा पतीचे कोणते, आडनाव कोणते हे ठरवावे लागते. वरवर पाहता काम सोपे वाटते, कारण मराठी नाव तीन शब्दांचे आणि शब्दांमध्ये रिकामी जागा ठरलेली.

पण हेच नाव प्रत्येक कागदावर वेगळ्या रीतीने बसलेले असते. राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते. पॅनच्या अर्जात आडनाव, पहिले नाव आणि मधले नाव यांच्या तीन स्वतंत्र चौकटी आहेत. पासपोर्टवर दोनच रकाने असल्याने मुलीचे आणि वडिलांचे नाव मिळून एका रकान्यात जाते आणि आडनाव दुसऱ्यात. आधारवर तर नावाची एकच सलग ओळ आहे. त्या ओळीत आडनाव शेवटी आहे की सुरुवातीला, हे नोंदणीच्या दिवशी समोर कोणता कागद ठेवला होता त्यावर ठरले. दहावीचा दाखला दाखवलेल्या मुलीचे नाव ‘जाधव सुनीता रमेश’ असे चढले असेल, तर शेवटच्या शब्दाला आडनाव मानणारी यंत्रणा तिला ‘रमेश’ या आडनावाची ठरवते. पॅनच्या क्रमांकातच ही फोड कायमची बसलेली आहे. व्यक्तीच्या पॅनचे चौथे अक्षर ‘पी’ असते आणि पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही, त्यामुळे जुन्या आडनावाचे अक्षर आयुष्यभर सोबत राहते.

नाव तोडण्याचा पहिला नियम सगळीकडे एकच शिकवला जातो. रिकाम्या जागेवर तोडा, पहिला शब्द नाव, शेवटचा आडनाव, उरलेले मधले. हा नियम राधाकृष्ण एकनाथराव विखे पाटील यांच्यापाशीच कोसळतो. त्यांचे आडनाव ‘पाटील’ ठरते आणि ‘विखे’ वडिलांच्या नावाला चिकटते. नाईक निंबाळकर, मोहिते पाटील, राजे भोसले यांचे तेच. जोडरेघ दिली तर हे टळते, पण एका कार्यालयात जोडरेघ असते, दुसऱ्यात नसते आणि तिसऱ्याचे सॉफ्टवेअर ती गिळून टाकते. ‘राव’, ‘बाई’, ‘जी’ यांचाही भरवसा नाही. जोतीराव, ज्योतिराव, जोतिबा ही महात्मा फुल्यांची तिन्ही रूपे छापील पुस्तकांत आढळतात. ‘शंकर राव’ असे तोडून लिहिले की ‘राव’ हे दक्षिणेतले आडनाव बनते.

मग आडनावांची ओळख पटवण्यासाठी शेवटाकडे पाहावे असे सुचते. ‘कर’ने संपणारा शब्द म्हणजे आडनाव: मंगेशकर, तेंडुलकर, गावस्कर. पण मधुकर, दिनकर, सुधाकर, प्रभाकर, रत्नाकर हीही ‘कर’नेच संपतात आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांत ही नावे घरोघर होती. ‘प्रभाकर दिनकर आंबेकर’ या नावात यंत्राला तीन आडनावे दिसतील. यावर खरा उपाय आडनावांची आणि नावांची मोठी यादी हाताशी ठेवणे हाच आहे आणि ती यादी मराठीची, म्हणजे कोकण, खानदेश, विदर्भ, मराठवाडा, गोवा अशी सगळी असायला हवी. परदेशात बनलेल्या तयार सॉफ्टवेअरकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

पदव्या आणि उपाध्या काढून टाकणे ही त्याआधीची पायरी. श्री., श्रीमती, सौ., कु., चि., कै., डॉ., ह.भ.प. ही अक्षरे नावात मोडत नाहीत, म्हणून ती साफ करायची. पण ‘श्री. ना. पेंडसे’ यांच्यातले ‘श्री.’ म्हणजे श्रीपाद. ‘श्री. म. माटे’ यांच्यातलेही श्रीपादच. साफसफाई करणारी आज्ञावली हे नाव तोडून टाकते आणि ‘ना. पेंडसे’ असा कोणी नवाच लेखक तयार होतो. ‘चिं. वि. जोशी’ यांच्या ‘चिं’वरचा अनुस्वार टायपिंगमध्ये गळला की ते चिरंजीव ठरतात. ग्रंथालयांनी या घोळावर जुनाच तोडगा काढलेला आहे. तिथे आडनाव आधी, मग पूर्ण नाव आणि सोबत जन्म-मृत्यूची साले लिहिली जातात, म्हणून फुले, जोतीराव गोविंदराव, १८२७–१८९० ही नोंद दुसऱ्या कोणाशी गल्लत होऊ देत नाही.

नावाचा सर्वांत अवघड नमुना सातबाऱ्यावर सापडतो. तिथे नावामागे ‘ए.कु.मॅ.’ लागलेले असते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ‘अ.पा.क.’ असते, म्हणजे अज्ञान वारसाचा पालनकर्ता. ‘उर्फ’ असते, ‘मयत’ असते. खातेदाराचा मुलगा त्याच खात्यात नुसत्या नावाने येतो आणि आडनाव फक्त पहिल्या नावापुरते लिहिलेले असते. हे सगळे सोलून काढल्यावर उरलेले नाव आधारवरच्या नावाशी ताडायचे.

विशेष म्हणजे जुने दस्तऐवज या बाबतीत आजच्या अर्जांपेक्षा स्पष्ट होते. ‘रामजी बिन शिवाजी’ लिहिले की कोण कोणाचा मुलगा हे कळत असे. ‘गंगूबाई कोम रामा’ लिहिले की रामा तिचा नवरा. काही भागांत ‘वलद’ चाले, काही भागांत बाईच्या नावापुढे ‘जौजे’ किंवा ‘भ्र.’ येई. हे छोटे शब्द नात्याची खूण होते आणि नाव कुठे संपते, वडील कुठे सुरू होतात हे तेच सांगत. नवी पद्धत आली, नाव सुटसुटीत झाले आणि नात्याची खूण पुसली गेली. आज मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, हे नुसते वाचून कोणालाच सांगता येत नाही.

नाव तोडून झाले की जुळवणी सुरू होते. त्यात पहिले नाव घ्यावे लागते ते साउंडेक्सचे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली त्याचे पेटंट घेतले आणि पुढे तिथल्या जनगणनेच्या नोंदींच्या सूची याच पद्धतीने लावल्या गेल्या. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे आणि पुढच्या व्यंजनांना उच्चारगटानुसार अंक द्यायचे, एवढी ती पद्धत. गायकवाड हे आडनाव इंग्रजीत ‘आय’ने लिहा किंवा बडोद्याच्या राजघराण्यासारखे ‘ई’ने लिहा, संकेत एकच येतो: जी२३०. हा तिचा गुण. पण पाटील आणि गुजराती पटेल या दोघांनाही ती पी३४० हाच संकेत देते. शिंदे, शेंडे आणि सावंत या तिघांचा संकेत एस५३० येतो आणि इंग्रजी स्मिथचाही तोच. याउलट वाघ हे आडनाव एकाने ‘डब्ल्यू’ने आणि सख्ख्या भावाने ‘व्ही’ने लिहिले, तर पहिले अक्षर बदलल्यामुळे दोघे भाऊ दोन वेगळ्या कप्प्यांत जातात. ‘पी-एच’चे फडके आणि ‘एफ’चे फडके यांचीही तीच गत. इंग्रजी उच्चारांसाठी घडवलेले साधन मराठी नावांवर जसेच्या तसे चालवणे चुकीचे आहे आणि आजही ते अनेक तयार सॉफ्टवेअरमध्ये हाताशी असते म्हणून वापरले जाते.

गोव्याकडे पाहिले की हा प्रश्न आणखी खोल जातो. पोर्तुगीज लिपीवळणाने तिथे कामत यांचे ‘कामोतीं’ झाले, प्रभू यांचे ‘पोरोबो’, शेणवी यांचे ‘सिनाय’. नाईक, देसाई हीसुद्धा वेगळ्या अक्षरांनी लिहिली जातात. एका घरात आजोबांच्या कागदावर पोरोबो आणि नातवाच्या कागदावर प्रभू असू शकते. उच्चाराच्या कोणत्याही सूत्राने ही जोडी लागत नाही. ती माहीत असावी लागते.

रशियन गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली दुसरी वाट दाखवली. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचे. टायपिंगच्या चुका पकडायला ही पद्धत फार उपयोगी आहे. दत्तात्रय हे नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते आणि ती सगळी रूपे एकमेकांपासून एक-दोन अक्षरांवर असतात. पण इंग्रजी लिपीत पाटील आणि पटेल हेही एकाच अक्षराच्या अंतरावर आहेत. म्हणून नुसते अंतर पुरत नाही. नावाचा जुळलेला भाग किती दुर्मीळ आहे हेही पाहावे लागते. इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर या कॅनडाच्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली हेच गणितात बसवले. दोन नोंदींत ‘पाटील’ जुळले तर त्याला थोडेच वजन, कारण पाटील गावोगाव आहेत. ‘काकोडकर’ जुळले तर वजन जास्त. प्रत्येक भागाचे वजन वेगळे मोजून शेवटी बेरीज करायची आणि तीन निकाल ठेवायचे: जुळले, जुळले नाही, माणसाने पाहावे. हा तिसरा निकाल या शोधाचा प्राण आहे. सरकारी आणि बँकेच्या यंत्रणांत बहुतेकदा त्याच्यावरच कात्री चालते.

या कात्रीची धार स्त्रियांना सर्वांत जास्त लागते. सुनीता रमेश जाधव लग्नानंतर सुनीता प्रकाश मोरे होते. तीन भागांपैकी दोन बदलले. काही घरांत तर पहिले नावही बदलण्याची रीत होती. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, रेशनकार्ड सासरचे आणि पॅनकार्डावर वडिलांचे नाव. ऐंशी टक्के साम्याची अट घालणारी यंत्रणा या बाईला दर वेळी नापास करते आणि तिचा दोष काहीच नसतो. आता नवा भागही आला आहे. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. निर्णय योग्यच आहे. पण तीन शब्द गृहीत धरून लिहिलेल्या काही आज्ञावल्यांत या मुलांच्या आईचे नाव ‘मधले नाव’ बनेल आणि वडिलांचे नाव आडनावाला जोडले जाईल. ही मुले शाळेत जाण्याआधी ती दुरुस्ती व्हायला हवी.

आडनावच नसलेल्यांचे हाल वेगळे. दक्षिणेत आद्याक्षर हेच गावाचे किंवा वडिलांचे स्थान घेते. एम. एस. स्वामीनाथन यांच्यातले ‘एम’ म्हणजे मंकोंबू हे गाव, ‘एस’ म्हणजे वडील सांबशिवन. अशा नावाला आडनावाच्या चौकटीत काय लिहायचे? अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘पहिले नाव अज्ञात’ या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे छापली जातात आणि पुढे ती बँकेत, विद्यापीठात त्या माणसाचे नाव होऊन बसतात. नोव्हेंबर २०२२मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना भेटीच्या आणि पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली.

तंतोतंत जुळणीचा हट्ट कुठवर जातो हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात दिसले. तिथे मतदार नोंदणीचा अर्ज सरकारी नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळावा असा नियम होता. २०१८च्या निवडणुकीआधी ५३ हजारांहून अधिक अर्ज अडकलेले असल्याचे एका वृत्तसंस्थेने उघड केले आणि त्यांतले सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीयांचे होते. एखादी जोडरेघ, एखादे गळलेले अक्षर एवढ्यावर नोंदणी थांबत होती. पुढच्या वर्षी कायदा बदलावा लागला.

आपल्याकडे आधारच्या पडताळणीत नाव तंतोतंत ताडण्याची आणि अंशतः ताडण्याची अशा दोन्ही सोयी आहेत. पॅन-आधार जोडणीतही प्राप्तिकर खात्याने किरकोळ फरकासाठी ओटीपीचा मार्ग ठेवला होता. म्हणजे तंत्र आहे, नियमही आहेत. अर्ज बनवणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पूर्ण नाव कागदावर आहे तसे एका चौकटीत घ्यावे आणि त्याचे भाग त्या व्यक्तीलाच स्वतंत्रपणे भरू द्यावेत. मधल्या नावाशेजारी वडील, आई की पती हे नाते विचारावे, जसे जुन्या दस्तऐवजांत लिहिले जाई. आणि नाव जुळले नाही म्हणून पैसे किंवा हक्क रोखण्याआधी तो निकाल माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ द्यावा. वाचकांनी मात्र आधारवरचे नाव घाईने बदलू नये, कारण तिथे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. आधी दहावीचे प्रमाणपत्र, पॅन आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकच क्रम आणि एकच इंग्रजी लेखन ठरवा, मगच दुरुस्तीचा अर्ज भरा.