सहल कंपनीची, मग जबाबदारी कुणाची?

पॅकेज टूरमध्ये हॉटेल खराब निघालं की कंपनी म्हणते, "चूक हॉटेलची, आम्ही फक्त बुकिंग करून दिलं." बरेच प्रवासी हे मान्य करून गप्प बसतात. एकरकमी सहल विकणारी कंपनी मात्र सहसा असे हात वर करू शकत नाही. लग्नात जिलबी केटररने बाहेरून आणली असली, तरी ती बिघडली तर जाब आपण केटररलाच विचारतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार खराब हॉटेल ही सहल कंपनीच्या सेवेतील त्रुटी (ठरल्यापेक्षा कमी किंवा निकृष्ट सेवा) ठरू शकते. कार्यक्रमपत्रिकेत हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत 'किंवा तत्सम' असतं, ते नीट वाचा. त्याने हॉटेल बदलता येतं. दर्जा उतरवता येत नाही. खोलीचे फोटो तिथेच काढा, टूर मॅनेजरला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. नंतर सगळं याच पुराव्यावर ठरतं.

कंपनीचं कार्यालय दिल्लीत असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.